महोत्सव हिरवा करायचा तर सुरुवात वर्क ऑर्डरपासून

डिसेंबर २०२४ मध्ये १३, १४ आणि १५ तारखेला पुण्याच्या पूर्व भागातल्या एका मैदानावर तीन दिवसांचा संगीत महोत्सव झाला. शास्त्रीय, लोकसंगीत, थोडं फ्युजन. रोजचे साधारण आठ हजार श्रोते. त्याची ‘पर्यावरणाची बाजू’ माझ्या गळ्यात पडली होती. नोकरीने मी पिंपरीतल्या एका कारखान्याच्या खरेदी विभागात आहे. पर्यावरण या विषयाशी माझा संबंध घरच्या गच्चीतल्या खताच्या डब्यापुरता. आता सगळी बिलं चुकती झाली आहेत, अनामती परत आल्या आहेत, तेव्हा हे लिहून ठेवते आहे. असं काम अंगावर पडलं की आधी कुठे हात घालायचा हेच कळत नाही. मला तरी सांगणारं कुणी नव्हतं. महोत्सवाचं आणि कंत्राटदारांचं नाव मुद्दाम देत नाही.

जूनमध्ये पहिली बैठक झाली. समितीचा उत्साह दांडगा. बांबूची कमान, टाकाऊ बाटल्यांचा सेल्फी पॉइंट, प्रत्येक कलाकाराला तुळशीचं रोप. अरुणाचलातल्या झिरो महोत्सवाचे फोटोही कुणीतरी दाखवले. तिथे २०१२ पासून बांबूचे मंच उभे राहतात, पण तो बांबू तिथलाच असतो आणि बांधणारे हात तिथल्याच आपातानी लोकांचे. आपण तीच कमान पुण्यात ट्रकने बांबू आणून, वर थर्माकोलची अक्षरं चिकटवून उभी केली तर तिला नुसती सजावटच म्हणायचं. मी एवढंच म्हटलं, की आधी मागच्या वर्षीची बिलं द्या.

बिलं मिळायला जुलै उजाडला. खजिनदार काकांकडे ती तीन फायलींत होती, पण तारखेनुसार नव्हती. दोन रविवार काकांच्या दिवाणखान्यात बसून चार रकाने केले: डिझेल, पाणी, मंडप-सजावट, कचरा. डिझेल मांडणीपासून उतरवणीपर्यंत साधारण चोवीसशे लिटर लागलं होतं. पाण्याच्या बाटल्यांचे खोके शेकड्यांनी. कचऱ्याचं बिल मात्र ‘टेम्पो ११ फेऱ्या’ एवढंच. त्यात काय होतं, किती किलो होतं, कुठे रिकामं झालं, कशाचाच पत्ता नाही. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या डेपोवर कसा गेला आणि तिथल्या गावकऱ्यांना त्यासाठी किती आंदोलनं करावी लागली, हे इथे राहणाऱ्या कुणाला सांगायला नको. ‘टेम्पो ११ फेऱ्या’ वाचताना तेच आठवत होतं.

मग ढोबळ कार्बनचा हिशोब केला. एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे डिझेलचे सहा-साडेसहा टन झाले. श्रोते कसे येतात याची नोंद नव्हती, म्हणून पार्किंगच्या पावत्या मोजल्या. दुचाकी किती, चारचाकी किती, सरासरी जाऊन-येऊन वीस किलोमीटर धरलं. आकडा डिझेलच्या दुपटीपुढे गेला. बाहेरगावाहून विमानाने येणारे कलाकार आणि साथीदार त्यात धरलेच नव्हते. ब्रिटनमधल्या महोत्सवांचे अभ्यासही हेच सांगतात, की सर्वांत मोठा वाटा प्रेक्षकांच्या प्रवासाचा. म्हणजे ज्या कागदी कपावरून आमच्या बैठकीत अर्धा तास वाद झाला होता, तो कार्बनच्या वहीत कुठेतरी तळाला होता. कप सोडून द्यायचा असं नाही. कपाचा प्रश्न कचऱ्याचा आहे आणि कार्बनचा प्रश्न पार्किंगमध्ये आहे. दोन्हींची सरमिसळ केली की भलत्याच ठिकाणी घाम गाळावा लागतो.

ऑगस्ट हा खरा कामाचा महिना, असं मी आता छातीठोकपणे सांगेन. मंडप, साउंड, लाइट, जनरेटर, खाद्यपदार्थांचे स्टॉल, सुरक्षा, सगळ्यांच्या वर्क ऑर्डरी, म्हणजे काम दिल्याचे लेखी आदेश, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निघतात. ऑर्डर निघायच्या आधी जी अट घालाल ती दरात बसते. ऑर्डर निघाल्यावर जे मागाल ती विनवणी. समोरचा ‘बघू ताई’ म्हणतो, आणि त्या ‘बघू’चा अर्थ खरेदी विभागात काम केलेल्या माणसाला चांगला ठाऊक असतो.

तर आम्ही प्रत्येक ऑर्डरीला एक पान जोडलं. मंडपवाल्यांसाठी: फ्लेक्स नाही, कापडी फलक, फलकांवर वर्ष आणि तारीख छापायची नाही, म्हणजे पुढच्या वर्षी चालतील. सजावटीला थर्माकोल नाही. राज्यात २०१८ च्या मार्चमध्येच त्यावर बंदी आली आणि १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या ठरावीक प्लास्टिक वस्तूंवर देशभरची बंदीही लागू झाली, तेव्हा ही अट म्हणजे मेहेरबानी नव्हती, कायदाच होता. आणि गालिचा. हा गालिचा मला आधी दिसलाच नव्हता. मैदानभर जो हिरवा किंवा लाल पातळ गालिचा अंथरतात, तो कृत्रिम धाग्याचा असतो, नवा कोरा येतो, वर संरक्षणाला प्लास्टिकची झिल्ली असते. उद्घाटनाच्या तासभर आधी ती झिल्ली ओढून काढतात. तिसऱ्या दिवशी रात्री गालिचा गुंडाळतात, आणि तो इतका चिखलट झालेला असतो की बहुतेक वेळा सरळ टेम्पोत जातो. आम्ही अट घातली, की फक्त मधल्या वाटा आणि मंचापुढचा भाग एवढाच गालिचा, तोही वापरलेला चालेल, आणि उतरवल्यावर कंत्राटदाराने परत न्यायचा. नेल्याची पावती दिल्याशिवाय शेवटचा हप्ता नाही.

मंडपवाले काका तीस वर्षं याच धंद्यात. त्यांनी पान वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, “ताई, जुना गालिचा घातला तर लोक मला नावं ठेवतील, तुम्हाला नाही.” मुद्दा बरोबर होता. मग प्रवेशद्वारापाशी एक पाटी लावायचं ठरलं, की गालिचा मुद्दाम जुना आहे. त्यावर काकांची स्वारी खूश. दर मात्र कमी केला नाही.

स्टॉलवाल्यांसाठीचं पान सगळ्यांत लांब झालं. ताटल्या उसाच्या चिपाडाच्या किंवा पानांच्या, चमचे लाकडी, सॉसची पुडी अजिबात नाही, पाण्याची बाटली विकायची नाही, चहा-कॉफी आमच्या स्टीलच्या पेल्यातून. कुल्हडची सूचना बऱ्याच जणांकडून आली. दिसायला छान, मातीचा वास वगैरे ठीक, पण एका चहासाठी भट्टीत भाजलेलं भांडं दहा मिनिटांत कचऱ्यात टाकायचं, हे मला काही पटलं नाही. त्या भट्टीच्या इंधनाचा हिशोब कुणी करत नाही. वादावादी झाली, पण स्टीलचे पेले ठरले.

सप्टेंबर गणपतीत गेला. ७ तारखेला चतुर्थी, १७ ला विसर्जन. या काळात पुण्यात मंडपवाले, लाइटवाले, साउंडवाले फोनच उचलत नाहीत, तेव्हा कुणीही सप्टेंबरवर भरवसा ठेवू नये. मी त्या दिवसांत परवानग्यांची यादी केली. पोलिसांचं ना-हरकत, ध्वनिक्षेपकाचा परवाना, अग्निशमन, महापालिकेची मंडप परवानगी, विद्युत निरीक्षकांचा दाखला. ही सगळी समिती दरवर्षी करतेच. त्यात माझी भर पडली ती दोन कागदांची.

पहिला कागद कचऱ्याचा. तेव्हा लागू असलेल्या घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये एक तरतूद होती, जिच्याकडे आयोजकांचं सहसा लक्ष जात नसे. परवाना नसलेल्या जागी शंभराहून जास्त माणसं जमणारा कार्यक्रम असेल तर किमान तीन कामकाजाचे दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवायचं, आणि कचरा जागेवरच वेगळा करून द्यायची जबाबदारी आयोजकाची. मी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच क्षेत्रीय कार्यालयात पत्र दिलं. आवक-जावक खिडकीवरच्या ताईंनी पत्र दोनदा वाचलं, आतल्या साहेबांना विचारून आल्या आणि म्हणाल्या, “असं पत्र कुणी देत नाही हो. परवानगी पाहिजे का तक्रार आहे?” दोन्ही नाही, माहिती आहे म्हटल्यावर त्यांनी शिक्का मारला. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ती एक पोच पुढे तीन ठिकाणी उपयोगी पडली.

आणि मग १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. २० नोव्हेंबरला मतदान, २३ ला निकाल. दरम्यानच्या काळात ज्या टेबलावर जावं तिथला माणूस निवडणुकीच्या ड्यूटीवर. चीड यायची, पण कुणावर काढणार? आरोग्य निरीक्षक अखेर नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात भेटले. बसले, नकाशा बघितला, आणि ओल्या कचऱ्याची गाडी मैदानाच्या कुठल्या फाटकातून आत येऊ शकते हे त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं. आमच्या नकाशातलं फाटक अरुंद होतं.

दुसरा कागद विजेचा. जनरेटर कमी करायचे तर महावितरणची तात्पुरती जोडणी हवी. अर्ज, जागेच्या मालकाचं संमतीपत्र, परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल, मग कोटेशन, मग पैसे आणि अनामत. अंदाजपत्रक आल्यावर कळलं, की जवळच्या रोहित्रावर (ट्रान्सफॉर्मरवर) मंचाचा पूर्ण भार बसणार नाही. स्टॉल, वाटांवरचे दिवे, पाण्याचे पंप आणि कार्यालय एवढं जोडणीवर घेता येईल, मंच जनरेटरवरच. दोन जनरेटर कमी झाले, एक मोठा राहिला, आणि एक बंद अवस्थेत राखीव.

इथे एक खरं सांगायला हवं. ग्रिडची वीज घेतली म्हणून फार मोठा कार्बन वाचला असं नाही. आपल्याकडची वीज अजून कोळशावरच जास्त, त्यामुळे युनिटमागे ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड पडतो. जनरेटरचा आकडा त्याहून थोडा जास्त, पाऊण ते एक किलो. फरक आहे, पण पोस्टरवर छापावा एवढा नाही. खरा फायदा स्टॉलच्या मागे उभं राहिल्यावर कळतो. धूर नाही, घरघर नाही. मागच्या वर्षी जनरेटरशेजारच्या डोसेवाल्या दादांना तीन दिवस ओरडून बोलावं लागलं होतं. यंदा त्यांनी गाणं ऐकलं. मोठी बचत झाली ती दिव्यांत. मंचावरच्या जुन्या हजार वॅटच्या ‘पार’ प्रकारच्या दिव्यांच्या जागी एलईडी मागितल्यावर मंचाचा भार इतका उतरला, की राहिलेला जनरेटरही आधीपेक्षा लहान लागला. हीसुद्धा ऑगस्टमधल्या लाइटवाल्यांच्या पानावरची एक ओळ.

पोलिसांच्या बैठकीत अडलं ते पाण्यापाशी. आमची इच्छा अशी, की श्रोत्यांनी घरून बाटली आणावी. इंग्लंडच्या ग्लॅस्टनबरी महोत्सवाने २०१९ मध्ये एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटल्यांची विक्री बंद केली. त्याआधी २०१७ मध्ये तिथे दहा लाखांवर बाटल्या खपल्या होत्या. ती बंदी निभावली कारण लोक स्वतःची बाटली आणतात आणि नळावर भरतात. आमच्याकडे सुरक्षेची अट स्पष्ट होती: फेकून मारता येईल अशी कुठलीही वस्तू आत नाही, स्टीलची बाटली तर नाहीच. साहेब समजूतदार होते, पण अट अट होती. मग मधला मार्ग निघाला. ज्येष्ठ नागरिक आणि लहान मुलं असलेल्यांना बाटली चालेल, बाकीच्यांसाठी मैदानात थोड्या थोड्या अंतरावर पाणपोई. टाकी, नळ, खाली निचऱ्याची खडी, आणि कडेला पेले. पाण्याच्या प्रयोगशाळेचा अहवाल प्रत्येक पाणपोईवर चिकटवला. ही छोटी गोष्ट करा. अहवाल दिसला की लोक बिनघोर पाणी पितात, नाही तर ‘बाटली नाही का?’ हा प्रश्न संपत नाही.

प्रवासाचं काम सर्वांत अवघड आणि सर्वांत कमी दिसणारं. मैदानापासून मेट्रो स्थानक पायी पंधरा-वीस मिनिटं. मार्च २०२४ मध्ये वनाज-रामवाडी मार्ग पूर्ण सुरू झाला, सप्टेंबरअखेर स्वारगेटपर्यंतचा भुयारी टप्पाही. वाटलं, झालं काम. पण तेव्हा मेट्रो रात्री दहापर्यंतच असायची (अकरापर्यंत वाढली ती जानेवारी २०२५ मध्ये), आणि ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे ध्वनिक्षेपकही दहालाच बंद. म्हणजे शेवटची टाळी आणि शेवटची गाडी एकाच वेळी. मी सुचवलं, कार्यक्रम सव्वानऊला संपवू. बैठकीत शांतता पसरली. मग समितीतले एक ज्येष्ठ म्हणाले, “बुवा भैरवी गायला बसल्यावर त्यांना उठवणार कोण? तुम्ही?”

उठवावं लागलं नाही. सुरुवातच पाऊण तास अलीकडे ओढली, दीपप्रज्वलन आणि सत्कार आटोपशीर केले, आणि प्रायोजकांची भाषणं पहिल्याच दिवशी उरकली. कलाकारांना वेळ का पाळायची ते आधीच पत्राने कळवलं. आश्चर्य म्हणजे त्यांच्यापैकी कुणाचीच हरकत नव्हती. हरकत आमचीच होती. मैदान ते स्थानक अशा फेऱ्या मारायला आणि रात्री कोथरूड, पिंपरी, हडपसरकडे जायला बसगाड्या भाड्याने घेतल्या. तिकीट काढतानाच बसचे चाळीस रुपये भरायची सोय ठेवली, आणि चारचाकीचं पार्किंग दुपटीने महाग केलं. पार्किंगवरून आलेल्या मेल वाचायला मन घट्ट करावं लागलं.

एका प्रायोजकाशी मात्र शेवटपर्यंत खटके उडाले. त्यांना प्रवेशद्वाराजवळ प्लास्टिकच्या कांड्यांवरचे फुगे आणि कागदी पिशवीतून नमुन्याच्या पुड्या वाटायच्या होत्या. फुग्यांच्या त्या कांड्या तर २०२२ च्या बंदीच्या यादीतच आहेत, ते दाखवल्यावर फुगे गेले. पुड्या राहिल्या. करारात ‘नमुने वाटण्याचा हक्क’ आधीच लिहून दिला होता, जूनच्याही आधी. तीन दिवस त्या पुड्या आमच्या कचरा निवडायच्या टेबलावर येत राहिल्या.

१३ तारखेला दुपारी पहिली परीक्षा पेल्यांची. पेल्याला वीस रुपये अनामत. डेन्मार्कच्या रोस्किल्ड महोत्सवात पेल्यावर अनामत असते, परत केला की पैसे मिळतात, आणि लोक पडलेले पेले शोधून आणतात. हे वाचून मी भारावले होते. कागदावर सोपं आहे. प्रत्यक्षात लोकांनी अनामत यूपीआयने भरली आणि परत मागायला आले तेव्हा आम्ही नोटा शोधत बसलो. मध्यंतरात परताव्याच्या खिडकीवर रांग थेट पाणपोईपर्यंत गेली. त्या रात्री पद्धत बदलली. स्टॉलवर अनामतीच्या पैशांऐवजी पितळी टोकन; टोकन द्या, पेला घ्या, पेला द्या, टोकन घ्या, कुठल्याही स्टॉलवर. पैशांची देवाणघेवाण फक्त आत येताना आणि बाहेर पडताना. टोकन आमच्याकडे कुठून आली? मंडपवाल्या काकांच्या गोदामातून, चपला सांभाळायची. नंबरांसकट.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काही मुलांनी धंदाच सुरू केला. खुर्च्यांखालचे पेले गोळा करून टोकन मिळवायचं. एका चिमुरडीने हातावर पेल्यांचा इतका उंच मनोरा रचला होता, की पुढचं दिसत नव्हतं आणि तिची आजी मागून ‘अगं हळू, अगं हळू’ करत होती. तीन दिवसांअखेर हरवलेले पेले शंभरात तीन-चार. त्यांची अनामत आमच्याकडेच राहिली, त्यातून पेले धुणाऱ्यांची मजुरी बरीचशी निघाली.

पेले धुण्याबद्दल सांगते, कारण हे कुणी सांगत नाही. तीन टब लागतात: साबणाचं पाणी, साधं पाणी, उकळतं पाणी. आणि वाळवायला जाळी, कपडा नाही. धुणाऱ्या बायकांना उभं राहून काम करता येईल असं उंच टेबल द्या. आमच्याकडे पहिल्या दिवशी टेबलं बुटकी होती, दुसऱ्या दिवशी खाली विटा लावल्या. धुण्याचं पाणी महागडं वाटतं, पण ते नंतर मैदानावर धूळ बसवायला मारलं.

कचऱ्याच्या छाननीला कचरावेचक ताया होत्या. पुण्यात १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना आहे आणि तिच्यातूनच उभी राहिलेली ‘स्वच्छ’ सहकारी संस्था, त्यामुळे या कामातलं जाणतं मनुष्यबळ या शहरात आहे. स्वयंसेवक मुलांनी ते शिकून घ्यावं. आमची कॉलेजची मुलं पहिल्या दिवशी डब्यांपाशी हातमोजे घालून, फोटो काढून उत्साहात होती. आठ वाजेपर्यंत निम्मी गाणं ऐकायला गेली. ताया जागच्या हलल्या नाहीत.

एका मावशींनी मला कप ओळखायला शिकवलं. एका स्टॉलवाल्याने पेले संपले म्हणून गुपचूप स्वतःचे कागदी कप काढले होते, ‘पूर्ण नैसर्गिक’ असं छापलेले. मावशींनी एक कप घेतला, काठापासून उभा टरकावला, फाटलेल्या कडेला नखाने खरवडलं आणि पारदर्शक झिल्लीची पट्टी दोन बोटांत धरून माझ्यापुढे केली. “हे बघा, पोटात कागद नाही. हा खतात जात नाही आणि रद्दीवालाही घेत नाही.” स्टॉलवाल्याचं पान माझ्या फोनमध्ये होतं. पहिल्यांदा समज, दुसऱ्यांदा अनामतीतून कपात असं त्यात लिहिलं होतं. दुसरी वेळ आली नाही.

ओल्या कचऱ्यात सर्वांत त्रास दिला तो दात कोरायच्या काड्या आणि त्या नमुन्याच्या पुड्यांनी. दुसऱ्या रात्री खतप्रकल्पाच्या गाडीच्या चालकाने दोन पिंपं उघडून पाहिली आणि परत खाली ठेवली, यात पुड्या आहेत, घेणार नाही. रात्री पावणेबाराला मैदानाच्या कोपऱ्यात हॅलोजनखाली जाळीच्या टेबलावर ती दोन पिंपं ओतून पुन्हा निवडली. भाजीचा रस्सा, भिजलेल्या ताटल्या, आणि मधूनच चकाकणारी पुडी. तिसऱ्या दिवशी सकाळी प्रायोजकाच्या माणसांना विनंती केली, की पुडी उघडूनच द्या आणि रिकामं पाकीट तुमच्याकडेच ठेवा. त्यांनी ते ऐकलं, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

बसगाड्या पहिल्या रात्री जवळजवळ रिकाम्या गेल्या. खजिनदार काकांचा चेहरा बघवत नव्हता. दुसऱ्या रात्री निम्म्या भरल्या. तिसऱ्या रात्री कोथरूडच्या गाडीत लोक उभे होते आणि कुणीतरी तान मारत होतं. फरक घोषणेने पडला. पहिल्या दिवशी बसची सूचना कार्यक्रमाआधी एकदा झाली, नंतर ती प्रत्येक कलाकारानंतर, निवेदिकेच्या तोंडून, किती वाजता कुठल्या फाटकावरून, अशी झाली.

रविवारी रात्री, उतरवणी सुरू असताना, झाकीर हुसेन यांच्या प्रकृतीच्या बातम्या फोनवर येऊ लागल्या. खरं, खोटं, पुन्हा खरं. सोमवारी सकाळी ते गेल्याचं नक्की झालं तेव्हा मी वजनकाट्यापाशी होते. साउंडवाली पोरं केबल गुंडाळता गुंडाळता थांबली. त्यातल्या एकाने मंचाच्या फळीवर बोटांनी ठेका धरला, मग सगळे परत कामाला लागले.

वजन आलं ते असं: एकूण साधारण अडीच टन. त्यात निम्म्याहून जास्त ओला, खताला गेला. सुका, विकला जाणारा, पाऊण टनाच्या आसपास. उरलेला कशातच न जाणारा. हा उरलेला भाग मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त आहे, आणि त्यात ओले झालेले पुठ्ठे, चिकटपट्ट्या आणि केबल बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या मुख्य. डिझेल निम्म्याहून खाली आलं, पुण्यात तेव्हा लिटरला नव्वद रुपयांच्या आसपास दर होता, म्हणजे लाखभर रुपये वाचले. ते तात्पुरत्या विजेत, बसमध्ये आणि पेल्यांच्या भाड्यात गेले आणि वर थोडे खिशातूनही. चारचाकींच्या पावत्या मागच्या वर्षीपेक्षा साधारण पंचमांशाने कमी. कलाकारांच्या विमानाला हात लावता आला नाही. एकाच भागातल्या कलाकारांचे मुंबई आणि पुण्याचे कार्यक्रम जोडून घेतले तर फेऱ्या वाचतील, पण त्यासाठी तारखा वर्षभर आधी ठरायला हव्यात आणि दुसऱ्या आयोजकांशी बोलायला हवं.

गालिचा परत नेल्याची पावती २० डिसेंबरला मिळाली, विजेची अनामत फेब्रुवारीत. खतप्रकल्पाने वजनाच्या चिठ्ठ्यांवर शिक्का मारून दिला, त्या फायलीत लावल्या आहेत, तारखेनुसार.

पुढच्या महोत्सवाची तारीख ठरली आहे. मंडपवाल्या काकांचा परवा फोन आला. “ताई, ते तुमचं पान आधी पाठवा, मग दर सांगतो.” पाठवलं. त्यांनी चौरस फुटामागे एक रुपया वाढवून सांगितला. प्रायोजकांच्या मसुद्यात नमुन्यांचं कलम कसं लिहायचं यावर सध्या वकिलांशी बोलणं चालू आहे.